गप्पीची पैदास : वाढवणं सोपं, आवरणं अवघड

(पूर्व विदर्भातल्या एका गावी वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपल्या गावांत गप्पी मासा आला तो आरोग्य खात्याबरोबर. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभागाची माणसं तो टाक्यांत, डबक्यांत सोडतात, हे तुम्ही पाहिलं आहे. आता तोच मासा रंगीत शेपटी घेऊन काचेच्या टाकीत आला, आणि पोट्टे विचारतात, "सर, याची पिल्लं कशी काढायची?"

काढावी लागत नाहीत, बाप्पा. गप्पी अंडी घालत नाही, सरळ पोहणारी पिल्लं देते. साधारण चार आठवड्यांत २०, ३०, कधी त्याहून जास्त. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, त्यामुळे पुढे नर जवळ नसला तरी काही महिने पिल्लं येत राहतात. दुकानातून आणलेली मादी बहुधा गाभणच असते. एका मादीची महिन्याला ३० पिल्लं धरा, त्यांत निम्म्या माद्या, त्या तीनेक महिन्यांत स्वतः आया. गुढीपाडव्याला आणलेली तिकडी, म्हणजे एक नर आणि दोन माद्या, दिवाळीपर्यंत टाकीत मावणार नाही.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला व्हेनेझुएला आणि त्याच्याजवळचं त्रिनिदाद बेट या भागातल्या ओढ्यांतला. त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर या शास्त्रज्ञाला दिसलं, की मोठे शिकारी मासे असलेल्या पाण्यात गप्पीचे नर फिके असतात आणि शिकारी नसतील तिथं भडक. मादी रंगावर भाळते, पण तोच रंग शिकाऱ्यालाही दिसतो. १९७०च्या दशकात त्यानं शिकाऱ्यांच्या पाण्यातले गप्पी उचलून मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोनेक वर्षांत तिथले नर रंगीत व्हायला लागले. आपल्या टाकीतही शिकारी नाही. म्हणजे किती ठेवायचे, कोणते ठेवायचे, हे काम आपल्या गळ्यात. त्याकडे शेवटी येतो, आधी टाकी.

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पुरे. काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी, म्हणजे ५६ किलो, वर काचेचं वजन वेगळं. टीव्हीच्या फळीवर ती ठेवू नका. एक नर आणि दोन-तीन माद्या असं प्रमाण ठेवा, नाहीतर नर मादीला पळवून पळवून मारतो.

नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर असते. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो, म्हणून पाणी उघड्या बादलीत २४ तास राहू द्या. बोअरचं पाणी जड, डाळ शिजत नाही म्हणून घरात त्याला शिव्या बसतात. गप्पीला तेच मानवतं. शुद्ध म्हणून आरओचे कॅन ओतणारे मला भेटतात. त्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात, गप्पीच्या ते कामाचं नाही.

पाणी भरलं त्याच दिवशी मासे सोडायचे नाहीत. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसतं. हे जिवाणू वसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर चालू ठेवा, आणि मासे नसले तरी जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाका. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी चढून मग शून्यावर आले की मासे सोडा. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुतला तर वसलेले जिवाणू मरतात.

आता शेतकरी भावांनी नीट ऐका. कपाशीवर सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारता ना? माशाला त्याचा अगदी थोडा अंश पुरतो. फवारणीची बादली, मग, नळी टाकीच्या पाण्याला कधीच नको. फवारून आल्यावर आंघोळ केली तरी त्या दिवशी टाकीत हात घालू नका. घरातली डासांची अगरबत्ती, लिक्विड, स्प्रे यांतही त्याच कुळातली औषधं असतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री लिक्विड लावलं आणि सकाळी मासे उताणे, मग म्हणायचं, "काही रोग येऊन राहिला." ज्या खोलीत टाकी, तिथं मच्छरदाणी लावा.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. तो खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब ओघळला तरी सॉकेटमध्ये शिरणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. घराला अर्थिंग नसेल, तर आधी ते करा, मासे मग.

गप्पीला २४ ते २८ अंश बरे. आपला मे महिना ४५च्या पुढचा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मग मासे वर येऊन तोंड मारतात. टाकी आतल्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. झाकणाऐवजी जाळी बसवा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा, काही अंश उतरतात. फार तापलंच तर बाटलीत पाणी गोठवून बंद बाटली तरंगत सोडा. बर्फ थेट टाकलात तर मासा धसक्यानं मरतो. पौष-माघात उलट, ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागतो.

पिल्लं खाणारी पहिली त्यांची आईच. जावा मॉस या पाणवनस्पतीचे दाट गुच्छ ठेवा, त्यांत ती दडतात. तळ्यातली वनस्पती आणाल तर आठवडाभर बादलीत वेगळी ठेवून पाहा, चतुराची अळी आली तर ती पिल्लं फस्त करते. महिन्याभरात नराचा पोटाखालचा पर टोकदार होतो. तो दिसायला लागला की नर-माद्या वेगळ्या करा. यासाठीच दुसरी टाकी हवी.

मग उरलेल्यांचं काय? मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत म्हणजे लहान तळ्यात, नदीत सोडायचे नाहीत. गप्पी तिथं वाढतो, गावच्या माशांचं खाद्य आणि अंडी खातो, आणि एकदा पसरला की परत काढता येत नाही. धिवर, म्हणजे मासेमार भाऊ तिथं पोट भरतात. आरोग्य खातं काय करतं ते खात्याला ठरवू द्या. तुम्ही ओसंडून बाहेर न जाणाऱ्या स्वतःच्या सिमेंटच्या हौदात ठेवा, आरोग्य केंद्राला हवेत का विचारा, किंवा तालुक्याच्या दुकानात द्या. नेताना आदल्या दिवशी खायला घालू नका. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, वर हवा, तोंड रबरानं घट्ट. आणि एसटीत इंजिनजवळची जागा धरू नका.