खिडकीजवळचा नंदी

(दृश्य: पडदाभर बैलाचा डोळा, ब्रशचे टोक खाली येते)

ज्या डोळ्यावर हे ब्रशचे टोक टेकणार आहे, तो डोळा मोहरीच्या दाण्याएवढा आहे. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या ओसरीवर, पोळ्याच्या तीन आठवडे आधी, सागाच्या लाकडातून कोरलेला जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा नंदीबैल पूर्ण होत आहे. काळा ठिपका देताना कारागीर श्वास रोखून धरतात आणि ठिपका नीट बसल्यावरच तो सोडतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले आपले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि मोठी माणसे त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैशांची भेट, ठेवतात. ही परंपरा नागपूरकर भोसले घराण्याशी जोडली जाते. या दिवसांत शहराच्या बाजारांत लहान मुलाला वर बसता येईल एवढे मोठे बैलही उभे असतात. परंतु हा माहितीपट मुठीत मावणाऱ्या बैलाचा आहे, कारण मोठा बैल रस्त्याने जाणाऱ्याला आपोआप दिसतो, तर लहान बैल कोणी जवळून दाखवल्याशिवाय दिसतच नाही.

(दृश्य: सूनबाई खिडकीजवळचे टेबल पुसतात)

लहान बैल दाखवण्याचे काम या घरात कारागिरांच्या सूनबाईंनी हाती घेतले आहे. नोकरीनिमित्त नागपूर सोडून गेलेल्या कुटुंबांना त्या बैलांची छायाचित्रे पाठवतात. पडद्यावर दिसत आहेत ती त्यांची सुरुवातीची छायाचित्रे. ती रात्री, पिवळ्या बल्बखाली, फोन अगदी जवळ नेऊन आणि फ्लॅश लावून काढलेली आहेत. बैलाच्या पाठीवरील वॉर्निशवर पांढरा डाग पडला आहे, नाक फुगल्यासारखे मोठे आणि मागचे पाय काडीसारखे बारीक दिसत आहेत. अनेक फोन वस्तूच्या फार जवळ गेले की आपोआप रुंद कोनाच्या लेन्सकडे वळतात आणि मग जवळचा भाग मोठा, दूरचा भाग लहान दिसू लागतो. फोन एक-दीड वीत मागे घेऊन दुप्पट झूम वापरला असता, तर त्याच फोनने बैलाचे अंग प्रमाणात दाखवले असते. बैलाचे रूप बिघडण्याचे कारण फोनची किंमत हे नव्हते, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो.

आता ही उत्तरेकडील खिडकी पाहा. श्रावणातील ढगाळ दुपार आहे. उत्तरेच्या खिडकीतून या वेळी थेट ऊन येत नाही; येतो तो आभाळाचा पसरट, मऊ उजेड. सूनबाईंनी तावदानावर बटर पेपर चिकटवला आहे, टेबलावर पांढऱ्या कार्डशीटचे एक टोक ठेवून दुसरे टोक भिंतीवर चढवले आहे आणि कागदाला मध्ये घडी न पाडता बाक दिला आहे, म्हणून बैलाच्या मागे टेबलाची कड दिसत नाही. घरातील सर्व दिवे त्यांनी बंद केले आहेत. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळसर. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे 2700 केल्विनचा आणि ढगाळ आभाळाचा सुमारे 6500 केल्विनचा असतो. दोन्ही एकाच वस्तूवर पडले, तर कॅमेऱ्याने कोणताही पांढरा खरा मानला तरी बैलाची एक बाजू पिवळी किंवा दुसरी बाजू निळी होणारच. झुलीचा कुंकवासारखा लाल रंग आधीच्या छायाचित्रांत शेंदरी दिसत होता, तो याचमुळे.

(दृश्य: बैल हळूहळू वळवला जातो, अंगावरील सावली सरकते)

या दृश्यावर आम्ही मुद्दाम थांबत आहोत. खिडकी कॅमेऱ्याच्या मागे असताना बैलाचे अंग सपाट, गुळगुळीत आणि निर्जीव दिसते. टेबल फिरवून खिडकी डाव्या बाजूला येताच तोच उजेड अंगाला घासून जाऊ लागतो आणि मानेवरील वळ्या, वशिंडाची चढण, पटाशीचे एकेक बारीक छेद स्वतःच्या सावलीसह वर येतात. उजव्या बाजूला उभा केलेला थर्माकोलचा तुकडा अंधारात गेलेल्या पायांवर थोडा उजेड परत टाकतो. तो अगदी जवळ आणला, तर सावली पुसली जाते आणि पटाशीचे छेदही तिच्याबरोबर जातात. म्हणून सूनबाई तो बोटभर पुढे-मागे सरकवत राहतात. हाताने घडवलेल्या वस्तूच्या छायाचित्रात हात दिसला पाहिजे, असे आमचे मत आहे, आणि तो दाखवण्याचे काम बाजूने येणारा उजेडच करतो.

छायाचित्र मोठे करून पाहताना सासरे एकदम पुढे वाकतात. "कानाजवळ कपची दिसून राहिली, बेटा," ते म्हणतात. "हो मामाजी, मलाही आत्ताच दिसली," असे म्हणून सूनबाई बैल त्यांच्या हातात देतात. कानामागे पॉलिश पेपर फिरतो, मऊ ब्रशने भुसा झटकला जातो आणि बैल पुन्हा कागदावर येतो. पटाशीच्या खुणांना मात्र ते हात लावत नाहीत.

आता फोकस. कॅमेरा जुना, वापरलेला घेतलेला डीएसएलआर आहे; त्याला लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावली आहे. इतक्या जवळून छायाचित्र घेताना स्पष्टतेची खोली फारच थोडी उरते. ती लेन्सच्या छिद्रावर, म्हणजे अ‍ॅपर्चरवर, अवलंबून असते; एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक. अ‍ॅपर्चर एफ 4 वर असेल, तर या बैलाचा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा काप तेवढा स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट असेल, तर शिंगाचे टोक धूसर होते. एफ 11 वर हा काप पाच मिलिमीटरच्या आसपास जातो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करत एफ 22 किंवा एफ 32 पर्यंत नेल्यास खोली वाढते, पण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते. म्हणून सूनबाई एफ 11 वर थांबतात आणि बैलाची कूस कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर येईल, अशा रीतीने त्याला आडवा उभा करतात. समोरची सगळी बाजू जवळजवळ एकाच प्रतलात आल्यामुळे पाच मिलिमीटरच्या खोलीत तिचा बहुतेक भाग सामावतो. फोकस कॅमेऱ्यावर न सोपवता त्या स्वतः लेन्स फिरवून तो डोळ्यावर आणतात.

तिरक्या उभ्या बैलासाठी वेगळा उपाय करावा लागतो. शिंगापासून शेपटीपर्यंत फोकस चार-चार मिलिमीटरने मागे सरकवत दहा छायाचित्रे घेतली जातात आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग निवडून संगणक त्यांचे एक चित्र बनवतो. या दहा छायाचित्रांदरम्यान बैल आणि कॅमेरा केसभरही हलून चालत नाही.

(दृश्य: छताचा पंखा थांबतो, शिंगाचा गोंडा स्थिर होतो)

पंखा बंद केला आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, कमी, 100 वर ठेवली आहे; त्यामुळे बटर पेपरमधून येणाऱ्या उजेडात शटर अर्धा सेकंद उघडे राहते आणि एवढ्या वेळात शिंगाला बांधलेला रेशमी गोंडा वाऱ्याने डोलला, तरी चित्र वाया जाते. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, तरीही बटण दाबल्याचा धक्का त्याला बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला आहे. कॅमेरा पांढऱ्या कागदाला करडा मानून चित्र काळवंडून टाकतो, त्यामुळे उजेड एक स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवून घेतला आहे. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्याने रंग खरे दाखवावेत म्हणून, बैलाच्या जागी आधी करड्या रंगाचे कार्ड ठेवून एक छायाचित्र घेतले आहे. श्रावणातील दमट उकाड्यात, बंद पंख्याखाली, तीन माणसे न हलता उभी आहेत.

शटरचा आवाज येतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, शेजारी लहान मुलीचा तळहात)

यानंतरचे एक छायाचित्र घरातील नातीच्या तळहातावर घेतले जाते. एकट्या बैलाच्या चित्रावरून तो सहा सेंटिमीटरचा आहे की सहा फुटांचा, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. तळहात शेजारी आला की माप सांगावे लागत नाही. संगणकावर सूनबाई फक्त कडा कापतात, धुळीचा एखादा कण काढतात आणि चित्र हव्या त्या आकाराचे झाल्यावर सर्वांत शेवटी त्याला किंचित धार देतात. रंगाला त्या हात लावत नाहीत. गेल्या वर्षी एका ग्राहकाने रंग वेगळा निघाला म्हणून बैल परत पाठवला होता. या वर्षी तशी तक्रार आलेली नाही आणि मागणीही थोडी वाढली आहे.

चार वाजून गेले आहेत. आभाळ दाटून आल्यामुळे खिडकीतला उजेड उतरला आहे आणि शटरचा वेळ आता पूर्ण एक सेकंदावर गेला आहे. टेबलाच्या कडेला अजून सात बैल रांगेत उभे आहेत. सूनबाई त्यांतला पहिला उचलतात, त्याच्या पाठीवरील बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसतात आणि त्याला कागदावर खिडकीच्या बाजूला थोडे वळवून ठेवतात.