दुखतंय खांद्यात, पण येतंय कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे काही पेशंट डोक्यावर हात ठेवूनच आत येतात. तळवा टाळूवर, कोपर बाहेर. खुर्चीत बसले तरी हात तिथेच. विचारलं की म्हणतात, "खांदा नुसता ठणकतोय हो. असा हात ठेवला की जरा बरं वाटतं." हे वाक्य ऐकलं की माझं लक्ष खांद्यावरून मानेकडे जातं. दुखणं खरोखर खांद्याच्या सांध्याचं असतं, तर हात डोक्यापर्यंत नेतानाच जीव गेला असता. मानेतून निघणारी नस दबलेली असेल, तर हात वर घेतल्यावर तिच्यावरचा ताण सैल पडतो आणि ठणका उतरतो. तोवर बिचाऱ्यांनी महिनाभर खांद्यालाच मलम चोळलेलं असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण यात पेशंटची चूक नाही. फसतो तो मेंदू. निरनिराळ्या भागांतल्या नसा मज्जारज्जूत एकाच मजल्यावर येऊन मिळतात. दोन घरांची पत्रं एकाच पेटीत पडावीत, तसं. मेंदूला हाताच्या कातडीकडून आयुष्यभर निरोप येत असतात, हृदयाकडून क्वचितच. मग हृदयाची तक्रार आली तरी तो ती हाताच्या नावावर लिहून मोकळा होतो. 1938 साली लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचून पाहिलं. सुई एकीकडे आणि दुखणं भलतीकडेच, असं पुन्हा पुन्हा घडलं.

म्हणून मी आधी विचारते, "एका बोटानं दाखवा, कुठे दुखतंय?" काही जण अख्खा तळहात खांद्यावरून दंडावर फिरवतात, "इथे सगळीकडेच, आत खोल." असं मुकं, पसरट दुखणं बहुधा स्नायूकडून किंवा सांध्याकडून आलेलं असतं. खांद्याच्या पात्यावरच्या एका स्नायूत गाठ धरली, तर दुखतं चक्क खांद्याच्या पुढच्या बाजूला. तिथे कितीही चोळा, हाती काही लागत नाही, मागे पात्यावर अंगठा दाबला की पेशंट दचकतो, "हेच! हेच दुखणं!" तो क्षण मला फार आवडतो.

दुसरे लोक मात्र रेघ ओढल्यासारखं बोट नेतात, मानेपासून थेट बोटापर्यंत. सणक, मुंग्या, बधिरपणा. हे नसेचं काम. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटाकडे असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी, असा ढोबळ हिशोब असतो. मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवल्यावर हातात कळ गेली, तर संशय पक्का होत जातो. पण घाई नको. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकला की बरं वाटतं, असं कोणी सांगितलं तर नस बहुधा मनगटात अडकलेली असते. आणि गंमत म्हणजे तिचं दुखणंसुद्धा उलटं खांद्यापर्यंत चढू शकतं.

खांद्याची परीक्षा सोपी आहे. हात तुम्ही सैल सोडायचा आणि मी हलवायचा. मी हलवूनही तो अडतो, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळत नाही, तर सांधा आखडलाय. हलतो छान, पण तुम्ही स्वतः उचलताना दुखतं, तर स्नायूबंधांकडे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांकडे बघायचं.

एमआरआयचं काय, हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे: आधी तपासणी, मग फोटो. मानेतली गादी सरकलेली किंवा झिजलेली दिसणं, हे काहीही न दुखणाऱ्या माणसांतही भरपूर आढळतं. रिपोर्टमधली गादी आणि हातातली कळ यांची जोडी जुळली, तरच त्या रिपोर्टला अर्थ.

आता ज्यासाठी मी माझ्या टेबलावरून लोकांना उठवून लावते, ते सांगते. मान हलवा, हात हलवा, दुखण्यात काडीचाही फरक नाही, असं असेल तर मूळ छातीत किंवा पोटात असू शकतं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात उमटतं, कारण छाती आणि पोट यांच्यामधल्या, श्वासाच्या पडद्याची नस मानेतूनच निघते, आणि पित्ताशयाचा त्रास त्या पडद्यापर्यंत पोचतो. जिना चढताना हात भरून येतो आणि थांबल्यावर उतरतो, तर हृदयाची तपासणी लगेच करून घ्या. छातीत दडपण, घाम, धाप यांच्यासोबत हात दुखला, तर ॲम्ब्युलन्स बोलवा. धूम्रपान करणाऱ्याचा खांदा रात्रंदिवस दुखतोय, कळ दंडाच्या आतल्या बाजूनं करंगळीकडे उतरतेय, तर छातीचा फोटो काढायलाच हवा; फुप्फुसाच्या टोकाची गाठ अशीच लपून बसते. आणि शर्टाची बटणं लावताना दोन्ही हात चाचपडतात, चालताना तोल जातो, तर मज्जारज्जूच दबत असेल. अशी मान कुणालाही झटका देऊन कडकड मोडू देऊ नका, मलासुद्धा नाही.

नमस्कार.