सहा सिलिंडर पुरतात

[वुडवर्ड अव्हेन्यू, मिशिगन. ऑगस्टमधला शनिवार, दुपार.]

डेट्रॉईटमधून निघून वायव्येला पाँटिॲकपर्यंत जाणारा हा रुंद रस्ता म्हणजे वुडवर्ड अव्हेन्यू. 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे ड्रीम क्रूझ भरते. लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला जागा धरतात आणि दिवसभर जुन्या गाड्या बघतात. सगळ्यांचे कान व्ही-8 च्या, म्हणजे व्ही आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या, गुरगुराटाकडे लागलेले असतात. गाडी नजरेच्या टप्प्यात येण्याआधी तिचा आवाज येतो आणि माना वळतात.

या गर्दीत एक पांढरी मस्टँग फारसा आवाज न करता जाते आहे. 1965 सालची. माना वळल्या नाहीत. तिच्या चाकाकडे जरा जवळून बघू.

[चाकाचा क्लोजअप.]

नट मोजा. चार. त्या काळी व्ही-8 मस्टँगच्या चाकाला पाच नट असायचे आणि सहा सिलिंडरवालीला चार. जाणकार माणूस बॉनेट उघडायला सांगतच नाही. खाली वाकतो, नट मोजतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. तो ज्या गाडीला ओलांडून गेला, तिची ही गोष्ट आहे. रोज ऑफिसला जायला, दूध-भाजी आणायला, मुलाला शाळेतून आणायला मसल कार, म्हणजे दणकट रुपाची ताकदवान अमेरिकन गाडी, हवी असेल आणि खिसा बेताचा असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे. बेस इंजिन, म्हणजे गाडीच्या सगळ्यात कमी किमतीत मिळणारं इंजिन, घ्या, आणि मान ताठ ठेवून घ्या.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मेळ्याची गर्दी, शोरूमच्या काचा.]

17 एप्रिल 1964. न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांपुढे आणली. फोर्ड विभागाची सूत्रं तेव्हा ली आयकोका यांच्याकडे होती. गाडीचं बॉनेट लांबलचक आणि मागचा भाग आखूड. पण या रुबाबाच्या खाली सांगाडा होता फाल्कनचा, म्हणजे फोर्डच्याच एका साध्या, घरगुती गाडीचा. म्हणून तर किंमत 2,368 डॉलरवर ठेवता आली. त्या किमतीत जे इंजिन मिळायचं, ते 170 घन इंचाचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं, 101 हॉर्सपॉवरचं. व्ही-8 हवं असेल तर वर पैसे मोजा.

पहिल्याच दिवशी 22,000 गाड्या नोंदवल्या गेल्या. लोकांना शोरूमपर्यंत ओढून आणलं ते जाहिरातीतल्या किमतीने, आणि ती किंमत सहा सिलिंडरची होती. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसालाही परवडेल अशी देखणी गाडी, हाच या गाडीमागचा मूळ विचार. व्ही-8 ने तिला नाव मिळवून दिलं हे खरंच. पण ती घराघरांत पोचली ती बेस इंजिनामुळे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

पुढे आलेल्या स्पर्धकांनीही हाच रस्ता धरला. 1967 च्या शेव्हरोले कॅमॅरोचं बेस इंजिन सहा सिलिंडरचं, 230 घन इंचाचं. 1970 च्या डॉज चॅलेंजरमध्ये होतं प्रसिद्ध 'स्लँट सिक्स', 225 घन इंचाचं. ते तीस अंश कलतं बसवलेलं असे, म्हणून हे नाव. टॅक्सीवाल्यांनी, ट्रकवाल्यांनी ते वर्षानुवर्षं पिदडलं आणि तरी ते चालत राहिलं.

[पेट्रोल पंपासमोरच्या रांगा. 1973.]

मग विमा कंपन्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांवर जादा हप्ते लावले. पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं आणि मोठ्या इंजिनांचा जमाना बसला. 1974 ची मस्टँग व्ही-8 शिवायच बाजारात आली. चार सिलिंडरचं 2.3 लिटर इंजिन आणि अवघी 88 हॉर्सपॉवर. तरी त्या वर्षी ती तीन लाख पंच्याऐंशी हजारांवर खपली. मस्टँग हे नाव त्या वर्षी लहान इंजिनाने जगवलं.

[2011 ची लाल मस्टँग. बॉनेट उघडताना.]

आता मुद्द्याच्या सालाकडे येऊ. 2010 च्या मस्टँगमधलं बेस व्ही-6 चार लिटरचं होतं, 210 हॉर्सपॉवरचं. भाड्याच्या गाड्यांत दिसणारं, कोणालाच न आवडणारं. 2011 मध्ये फोर्डने ते काढलं आणि 3.7 लिटरचं नवं ॲल्युमिनियमचं इंजिन बसवलं. 305 हॉर्सपॉवर. आदल्याच वर्षीच्या व्ही-8 मस्टँग जीटीची ताकद होती 315. म्हणजे एका वर्षात बेस गाडी जीटीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. वर हायवेला सरकारी चाचणीत गॅलनला 31 मैल, आपल्या हिशेबात लिटरला तेरा किलोमीटर.

आणखी एक जुना आकडा शेजारी ठेवू. 1965 च्या मस्टँगला फोर्डच्या कारखान्यातून मिळणारं सगळ्यात जहाल इंजिन 271 हॉर्सपॉवरचं होतं, आणि तेही त्या काळच्या सढळ मोजमापाने. तेव्हा इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून, गाडीतला सायलेन्सर आणि एअर फिल्टर न लावता ताकद मोजत. आज सगळा संसार जोडून मोजतात. वुडवर्डवर ज्या व्ही-8 साठी माना वळतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना आजची बेस गाडी सिग्नलवरून निघताना सहज मागे टाकेल.

ही एकट्या मस्टँगची गोष्ट नव्हती. 2010 च्या कॅमॅरोचं व्ही-6 होतं 304 चं, आणि 2011 च्या चॅलेंजरमध्ये आलेलं 3.6 लिटरचं 'पेंटास्टार' 305 चं. परवडणाऱ्या कूपेचं, म्हणजे दोन दारांच्या गाड्यांचं, असं सुगीचं दशक अमेरिकेत पुन्हा आलेलं नाही.

भारतात मात्र ही बाजू कोणी पाहिलीच नाही. 2016 च्या जुलैत मस्टँग अधिकृतपणे आपल्याकडे आली ती फक्त पाच लिटरच्या व्ही-8 मध्ये, दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत 65 लाख रुपये. त्यामुळे पुण्या-मुंबईत मस्टँग म्हणजे श्रीमंतांचा शौक असं समीकरण बसलं. इथे मिशिगनमध्ये ती शाळेच्या पार्किंगमध्ये उभी दिसते.

[नोवी. जानेवारीतली सकाळ. ड्राइव्हवेवर बर्फ.]

नोवी हे डेट्रॉईटच्या वायव्येचं उपनगर. आसपास वाहन उद्योगातली बरीच मराठी कुटुंबं आहेत. हे घर मूळच्या सोलापूरच्या एका इंजिनिअरचं, आणि बर्फातून डोकं वर काढणारी ही करडी गाडी 2019 ची डॉज चॅलेंजर, एसएक्सटी, म्हणजे पेंटास्टार व्ही-6 ची साधी आवृत्ती. तीन वर्षं वापरलेली घेतली. ओडोमीटर लाख मैलांच्या पुढे गेला आहे.

ही ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळू शकते, आणि ती सोय डॉजने फक्त व्ही-6 ला दिली. हेमी, म्हणजे डॉजच्या व्ही-8 इंजिनाच्या चॅलेंजरला कितीही पैसे मोजा, ती मिळत नव्हती. रस्ता कोरडा असला की पुढची चाकं ड्राइव्हमधून आपोआप सुटतात आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. थंडी वाढली, चाक घसरलं की पुढची चाकं जोडली जातात. बघा, ड्राइव्हवेच्या चढावर मागचं चाक क्षणभर फिरलं, गाडी किंचित हलली आणि सरळ रस्त्यावर आली. फावडं दाराशीच राहिलं.

[गॅरेज. रविवार. ऑइल बदलणं.]

ऑइल हा इंजिनिअर घरीच बदलतो. गॅरेजमध्ये आम्ही बराच वेळ काढला, कारण बेस इंजिनाचं खरं सुख इथे दिसतं.

बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती मोकळी जागा. हे पोट मोठ्या व्ही-8 साठी बनवलेलं. व्ही-6 त्यात मोठ्या वाड्यात राहणाऱ्या छोट्या कुटुंबासारखं ऐसपैस बसलं आहे. हात कोपरापर्यंत आत जातो.

ऑइल फिल्टर वरच, दोन्ही सिलिंडर-ओळींच्या मधल्या खोबणीत. काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्याला 24 मिलिमीटरचा पाना. तो झाकण सावकाश सैल करतो आणि थांबतो, म्हणजे आतलं ऑइल खाली उतरतं. मग फिल्टर वर येतो, कागदी, घड्या-घड्यांचा, काळाकुट्ट. झाकणाची जुनी रबर रिंग तो नखाने काढतो, नवी रिंग बोटाने ताज्या ऑइलमध्ये भिजवून बसवतो. झाकण पिळून आवळत नाही. हे फिल्टरचं घर प्लॅस्टिकचं आहे, जास्त आवळलं की तडकतं, आणि मग ऑइल त्या खोबणीत साचत राहतं. पेंटास्टारचं हे ठाऊक असलेलं दुखणं. बाजारात आता ॲल्युमिनियमची घरंही मिळतात.

खालून जुनं ऑइल निथळेपर्यंत तो स्पार्क प्लगचा हिशेब सांगतो. याला सहा. हेमीला एका सिलिंडरला दोन, म्हणजे सोळा. हेच इंजिन जीप रँग्लरमध्ये आहे, रॅमच्या पिकअप ट्रकमध्ये आहे, डॉजच्या मिनीव्हॅनमध्ये होतं. बनतं इथून जवळच, डेट्रॉईटच्या दक्षिणेला ट्रेंटनच्या कारखान्यात. त्यामुळे सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि मिनीव्हॅनच्या भावात मिळतो.

टायरचंही तसंच. साध्या एसएक्सटीला 235 मिलिमीटर रुंदीचा टायर लागतो, रुंद अंगाच्या स्कॅट पॅकला, म्हणजे मोठ्या हेमीवाल्या चॅलेंजरला, 305 चा. टायरच्या दुकानात दोन्हींच्या किमती विचारून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही.

[पेट्रोल पंप. हातातली नळी, मीटरचे आकडे.]

तो 87 ऑक्टेनचं बटण दाबतो. इथलं सगळ्यात स्वस्त पेट्रोल, आणि व्ही-6 त्यावर खूश असतं. 6.4 लिटरच्या स्कॅट पॅकला कंपनी प्रीमियम सुचवते. सरकारी आकड्यांत ही ऑल-व्हील गाडी शहर-हायवे मिळून गॅलनला 21 मैल देते, साधी मागच्या चाकांची व्ही-6 23, आणि ऑटोमॅटिक स्कॅट पॅक 18. नवी असताना एसएक्सटीची किंमत 27,000 डॉलरच्या आसपास सुरू व्हायची, स्कॅट पॅकची 39,000 च्या आसपास. ते बारा हजार ज्या कामासाठी मोजायचे, ते काम रोजच्या रस्त्यावर करता येत नाही. वुडवर्डवरच काही भागांत वेगमर्यादा ताशी 45 मैल आहे.

[मंडळाच्या गणपतीचा दिवस. शाळेच्या सभागृहासमोर.]

सप्टेंबर. डिकी उघडली आहे. सजावटीचं सामान, पाट, मोदकांचे ट्रे, आणि वर आडवी ठेवलेली ढोलकी. 16.2 घनफूट, साधारण 459 लिटर. कॅमॅरोच्या 9.1 घनफुटांत यातलं निम्मं मागेच राहिलं असतं. सोलापूरहून आलेली आई मागच्या सीटवर बसते आहे. पुढची सीट सरकवावी लागते, वाकावं लागतं.

"आई, डोकं सांभाळ गं."

"बसले रे मी. तू दार लाव."

अडचणीही आहेत. मिशिगनमधला विमा महाग आहे, चॅलेंजर चोरांच्या आवडीची असल्यामुळे स्टेअरिंगला कुलूप लावावं लागतं, आणि लहान मुलाची सीट मागे बसवताना पाठ धरते.

आणि आवाज. तो मिळत नाही. पेंटास्टार काम चोख करतं, पण सुरू झाल्यावर अंगावर काटा येत नाही. ज्याला तो काटाच हवा आहे, त्याने व्ही-8 घ्यावी, आमचं काही म्हणणं नाही. पण फक्त लोक काय म्हणतील म्हणून व्ही-8 चा हप्ता डोक्यावर घेणारी तरुण पोरं इथे खूप आहेत, आणि त्यांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

[लान्सिंग, ब्रॅम्प्टन, फ्लॅट रॉक. कारखान्यांची बाहेरून घेतलेली दृश्यं.]

2023 च्या डिसेंबरमध्ये लान्सिंगला कॅमॅरो बनणं थांबलं, त्याच महिन्यात कॅनडात ब्रॅम्प्टनला चॅलेंजर. फ्लॅट रॉकमध्ये मस्टँग अजून बनते. तिचं बेस इंजिन आता 2.3 लिटरचं टर्बो, चार सिलिंडरचं, 315 हॉर्सपॉवरचं, पण 2024 पासून त्याबरोबर हाताचा गिअर मिळत नाही. नव्या डॉज चार्जरमध्ये सहा सिलिंडर पुन्हा एका रांगेत आलेत, मात्र ती गाडी या बजेटच्या कितीतरी पुढची आहे. तेव्हा खिशाला परवडणारी बेस कूपे आता वापरलेल्या गाड्यांच्या यार्डातच शोधावी लागेल.

[यार्ड. गाड्यांच्या रांगा, विंडशील्डवर किमती.]

तिथे जाणार असाल तर फोनवरच सांगून ठेवा, इंजिन थंड राहू द्या. स्वतः किल्ली फिरवा आणि बॉनेटपाशी कान लावून टकटक ऐकू येते का बघा. 2011 ते 2013 च्या काही पेंटास्टारमध्ये डाव्या सिलिंडर हेडचा दोष निघाला होता आणि कंपनीने त्या भागाची वॉरंटी वाढवली होती, ते काम झाल्याचा कागद मागा. टॉर्च घेऊन त्या मधल्या खोबणीत ऑइल साचलंय का बघा. आणि गाडी मिशिगनची असेल तर लिफ्टवर चढवायला लावा, कारण इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि गंज खालून लागतो.