सम्राटाच्या घशातला तुकडा

बर्लिन, १८८७. वर्षाच्या सुरुवातीलाच जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. सर्दीचा असेल म्हणून काही आठवडे गेले, पण घसा काही मोकळा होईना. मार्चमध्ये डॉक्टर असलेल्या प्राध्यापक गेरहार्ट यांनी घशात छोटा आरसा धरून पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर बारीकशी गाठ! तापलेल्या तारेने त्यांनी ती जाळली. ती पुन्हा वाढली. शल्यविशारद बेर्गमान यांना कॅन्सरची शंका आली. गळा बाहेरून उघडून गाठ काढू, असं ते म्हणाले.

मग लंडनहून घशाचे तज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी आले. त्यांचं म्हणणं, आधी गाठीचा तुकडा काढून तपासा. आग्रह रास्तच होता. तुकडे गेले रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे, त्या काळच्या सर्वांत मोठ्या विकृतीशास्त्रज्ञाकडे, म्हणजे पेशी तपासून आजार ओळखणाऱ्या तज्ज्ञाकडे. त्यांना कॅन्सर दिसला नाही. मात्र एवढ्या तुकड्यांवरून साऱ्या आजाराबद्दल खात्रीने सांगता येणार नाही, असंही त्यांनी लिहून दिलं. त्या वाक्याला हवं तेवढं वजन मिळालं नाही. शस्त्रक्रिया टळली.

नोव्हेंबरात, इटलीतल्या सान रेमोला, कॅन्सर उघड झाला. फेब्रुवारीत श्वास कोंडू लागला, तेव्हा श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवावी लागली. मार्च १८८८ मध्ये वडील वारले आणि फ्रेडरिक सम्राट झाले. बोलणं चिठ्ठ्यांवर. ९९ दिवसांनी, १५ जूनला, तेही गेले.

हा आजार व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे चामखिळीसारखा वाढणारा कॅन्सर, असावा, निदान सुरुवातीला तरी, असं काही डॉक्टरांना वाटतं. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार विरळाच. वरून खरखरीत, त्यावर केराटिनचा (नखांत, केसांत असतं त्या कठीण द्रव्याचा) जाड थर. वरवरचा तुकडा घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जवळजवळ निरोगी दिसतात. खरी खूण तळाशी, जिथे गाठ आतल्या भागाला रेटत जाते. म्हणून तुकडा खोलवरचा हवा. विकृतीशास्त्रज्ञ अ‍ॅकरमन यांनी या कॅन्सरचं वर्णन केलं १९४८ मध्ये, म्हणजे फ्रेडरिक यांच्यानंतर साठ वर्षांनी. म्हणून फिरखोंना दोष देणं अन्यायाचं होईल.

आज हा कॅन्सर वेळेत सापडला, तर बहुतेकदा बरा होतो. निव्वळ व्हेरुकस असेल तर तो सहसा मानेतल्या लसिका ग्रंथींत पसरत नाही. लहान गाठ तोंडातूनच लेझरने काढतात, आवाजही बराचसा राखता येतो. त्यात नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी मिसळलेल्या असतील, तर मात्र उपचार नेहमीच्या कॅन्सरसारखेच करावे लागतात.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तुकड्यात काही निघालं नाही, पण आवाज बिघडतच चालला, तर पुन्हा तुकडा घ्यायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.