दोन 'ह' आणि एक मोबाइल

अरबीत 'ह' दोन. एक घशाच्या अगदी तळातून, श्वासासारखा सुटतो. दुसरा घशाच्या मध्यावर घासून निघतो. इंडोनेशियातल्या पोरांना दोन्ही सारखेच ऐकू येतात, जसे आपल्याला. म्हणून तिथे मूल कुराण शिक्षकासमोर बसून वाचतं. चुकलं की थांबायचं, पुन्हा म्हणायचं. योग्याकार्ताच्या असअद हुमाम यांची 'इकरो'ची, म्हणजे कुराण वाचायला शिकवणारी, 6 पुस्तकं अशीच, पानापानाने पुढे सरकतात.

24 मार्च 2020. कोरोनामुळे शिक्षण मंत्रालयाचं परिपत्रक आलं: अभ्यास घरूनच.

तिथल्या शाळांत धर्म हा सक्तीचा विषय. 2003 च्या कायद्याने प्रत्येक मुलाला स्वतःचा धर्म, त्याच धर्माच्या शिक्षकाकडून शिकण्याचा हक्क दिला आहे. आता तो शिक्षक मोबाइलमध्ये जाऊन बसला.

गणिताचं उत्तर फोटोत मावतं, 'ह' कसा मावणार? मग व्हॉइस नोट. एकेका मुलाची फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय. मागे कोंबडा आरवतोय, मोटारसायकल सुरू होतेय, धाकटं भावंड रडतंय. शिक्षक फोन कानाशी धरून ऐकतात आणि दुरुस्ती आपल्या आवाजात परत पाठवतात. वजूचे, म्हणजे नमाजाआधी तोंड, कोपरापर्यंत हात, पाय धुण्याचे, व्हिडिओही येतात. आईने फोन धरलाय, मूल नळाखाली हात धुतंय, आणि कॅमेऱ्याच्या घाईत कोपर कोरडंच राहिलंय.

सप्टेंबर 2020 पासून सरकारने फुकट डेटा दिला. शाळेच्या विद्यार्थ्यांना महिन्याला 35 जीबी, शिक्षकांना 42. पण डोंगरात रेंजच नसेल तर जीबी काय उशाशी घ्यायचे? तिथे शिक्षक दुचाकीवरून घरोघर गेले. याला म्हणतात 'गुरू कुंजुंग', म्हणजे भेटीला येणारा गुरू. शब्द ओळखीचा वाटला ना? तिथे साध्या शाळामास्तरालाही गुरूच म्हणतात.

यातले कित्येक 'होनोरेर', म्हणजे कंत्राटी. काहींचा पगार महिन्याला 3 लाख रुपिया. आकड्याला भुलू नका, आपले जेमतेम दीड हजार रुपये होतात. पेट्रोल त्यातूनच.

शाळा उघडल्या, तसे प्रश्न बदलले. "टिकटॉकवरचे उस्ताद तर वेगळंच सांगतात," असं आता मुलं वर्गात ऐकवतात. उस्ताद म्हणजे तिथे धर्म शिकवणारे. पूर्वी गुरूंसमोर कोण बोललं असतं? काही शिक्षक चिडतात. काही म्हणतात, "दाखव पाहू," आणि तो व्हिडिओ वर्गासोबत बसून बघतात, मग पुस्तक उघडतात.

तास संपत आलाय. फोन बाकावर पालथा. मूल जवळ सरकतं, 'अल्हम्दु' म्हणतं.

'ह' चुकला. पुन्हा.