कांदा आणि खांदा

(दृश्य: सकाळ. जत तालुक्याचा पूर्व भाग. डाळिंबाच्या बागांमधून जाणारा रस्ता. एकामागून एक दुचाक्या.)

जत हा विस्ताराने सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, आणि पावसासाठी कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेला. इथून पूर्वेकडे निघालं की गावागणिक मराठी विरळ होते आणि कन्नड दाट. पाट्या मराठीत, तर चहाच्या टपरीवरच्या गप्पा कन्नडमध्ये. पलीकडे विजयपूर जिल्हा सुरू होतो.

आज इथल्या एका केंद्रशाळेत शिक्षण परिषद आहे. आसपासच्या दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र होतं, आणि त्या शाळांचे गुरुजी आणि बाई ठरलेल्या दिवशी इथं जमतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला महिन्यातून एकदा आपल्यासारख्याच माणसांबरोबर बसून शिकवण्याबद्दल बोलायला मिळण्याची हीच काय ती जागा. द्विशिक्षकी शाळेत तर हे फार जाणवतं. एक शिक्षक रजेवर गेला की दुसऱ्याच्या समोर चारही वर्ग. तिथं कुणाला विचारायचं, की हे पोर वाचताना इथंच का अडखळतंय?

1935 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात खेड्यापाड्यांसाठी शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय सुरू केलं. तेव्हापासून या मुलखात शिक्षक घडत आलेत. पण दोन वर्षांची पदविका वयाच्या विशीत होते, आणि वर्गात पुढची तीस-पस्तीस वर्षं जातात. त्या वर्षांमध्ये शिक्षकानं कुठं शिकायचं? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं त्यासाठी दरवर्षी किमान 50 तास सांगितलेत. तास भरतात. ते कशानं भरतात, यावर सगळं अवलंबून आहे.

(दृश्य: वर्गखोली. सतरंजी. उपस्थितीपत्रक हातोहात फिरतंय.)

आम्ही अशा बऱ्याच परिषदा पाहिल्या. काही ठिकाणी स्वागत, सूचना आणि ‘ही माहिती आजच भरून द्या’ यातच दुपार झाली. मुलांच्या वाचनाचा विषय निघाला तेव्हा डबे उघडायची वेळ आली होती. चाळीस किलोमीटरवरून आलेल्या बाई एक शब्द न बोलता परत गेल्या. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांच्या पिशवीत मुलांच्या वह्या होत्या.

इथं मात्र केंद्रप्रमुखांनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येकानं आपल्या वर्गातली एक वही आणायची, आणि तीही अडलेल्या मुलाची.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून. पेन्सिलीची ठळक अक्षरं.)

दुसरीतल्या मुलानं लिहिलंय, ‘बाबाच्या कांद्यावर बसून मी जत्रा बगितली.’

वही आणणाऱ्या बाई म्हणाल्या, “दहादा लिहून घेतलं सर. सांगितलं की खांदा लिहितो, दुसऱ्या दिवशी परत कांदा.”

एक गुरुजी म्हणाले, “बगितली तर आमच्या मिरजेकडची पोरंबी लिहितात.”

मग कोपऱ्यातले एक तरुण सर बोलले. घरी कन्नड, शाळा मराठी, असेच तेही शिकलेले. “बाई, त्याला हे दोन शब्द ऐकायलाच एक येतात. आमच्या घरात कांद्याला उळ्ळागड्डी म्हणतात आणि खांद्याला हेगल. त्याच्यासाठी कांदा, खांदा दोन्ही नवीनच.”

खोली क्षणभर शांत झाली.

कन्नड लिपीत ख, घ, भ ही महाप्राण, म्हणजे तोंडातून हवेचा झोत सोडत म्हणायची अक्षरं आहेत, पण घरातल्या रोजच्या बोलण्यात ते उच्चार फारसे येत नाहीत. जो फरक कानानं कधी टिपलाच नाही, तो हातानं कागदावर कसा उतरेल? दहा वेळा लिहून घेतल्यानं हात दुखला. कान होता तिथंच राहिला.

मग बोलणं वाढत गेलं. कुणीतरी च काढला. ‘चार’ म्हणताना च वेगळा, ‘चारा’ म्हणताना वेगळा, लिहिताना मात्र अक्षर एकच. मराठी घरातल्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कन्नड बोलणाऱ्या मुलाला पुस्तक बघून ते कळायला मार्गच नाही. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या एका बाई म्हणाल्या, “हे माझ्या आधी ध्यानातच आलं नव्हतं.” त्यांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं, याचं आम्हाला फार मोल वाटतं.

(दृश्य: एक सर तोंडासमोर कागदाची पट्टी धरतात. सगळे हसतात आणि आपापली पट्टी फाडतात.)

उपाय तिथंच निघाला. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायची. ‘कांदा’ म्हटलं की पट्टी जेमतेम हलते. ‘खांदा’ म्हटलं की उडते. कानाला जे कळत नाही, ते आधी डोळ्याला दाखवायचं. खर्च शून्य.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे की तिसरी संपताना मुलानं अर्थ समजून मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत. उद्दिष्ट योग्यच आहे. पण घड्याळ लावलं की मूल कुठं अडलं ते कळतं, का अडलं ते कळत नाही. ते कळायला वही लागते, आणि त्या वहीभोवती बसलेली पाच-सात माणसं लागतात. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं, तेव्हा त्याची वहीसुद्धा अशीच मध्ये ठेवायला हवी. त्या दिवशी तो विषय निघाला, पण वेळ संपली. आता पुढच्या महिन्यात तोच पहिला घ्यायचा, असं ठरलंय.

(दृश्य: दुसरा दिवस. दुसरीचा वर्ग.)

बाईंनी मुलाला जवळ बसवलं. दोन चित्रं ठेवली. एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, “उळ्ळागड्डी?” बाईंच्या तोंडून आपल्या घरातला शब्द ऐकून तो आधी दचकला, मग हसला. बाईंनी पट्टी त्याच्या हातात दिली.

“कांदा.” पट्टी जागची हलली नाही.

“खांदा.” तरी हलली नाही.

त्यानं बाईंच्या ओठांकडे बघितलं. पट्टी थोडी जवळ घेतली. पुन्हा म्हटलं. या वेळी कागद फडफडला, आणि त्यानं शेजारच्या मुलाला ओढून आणलं, त्यालाही दाखवायला.

फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी आणखी तीन जोड्या लिहून ठेवल्यात. गडी, घडी. दार, धार. बाजी, भाजी.