ओट्याचा दगड: काच, फर्मा आणि सिंकचा कोपरा

[यार्ड. क्रेनला टांगलेला स्लॅब.]

तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद, ३ सेंटिमीटर जाड. एवढ्या ग्रॅनाइटचं वजन भरतं सुमारे ४३५ किलो. हा स्लॅब उभाच उचलतात, उभाच गाडीत चढवतात आणि त्रिकोणी घोडीला टेकवून उभाच ठेवतात. दगड दाब भरपूर सोसतो, पण वाकवला की मोडतो. आडव्या धरलेल्या स्लॅबला वाकवायला त्याचं स्वतःचं वजनच पुरतं. कापणी असो, सिंक असो की खालची कपाटं, पुढे प्रत्येक ठिकाणी हाच स्वभाव आडवा येणार आहे.

[ओळीने उभे स्लॅब. नावांच्या पाट्या.]

यार्डात आलेला माणूस आधी रंग बघतो, मग पाटी वाचतो. पाटीवरचं नाव व्यापाराचं असतं, भूशास्त्राचं नसतं. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे वेगळ्याच जातीचा काळा अग्निज खडक असतो. त्यानं काही बिघडत नाही, दगड घट्टच असतो. गोंधळ होतो तो ‘क्वार्ट्झाइट’ या नावानं. खरा क्वार्ट्झाइट म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं एकजीव झालेला वालुकाश्म. मोह्सच्या १ ते १० च्या काठिण्यश्रेणीत तो ७ च्या आसपास बसतो आणि लिंबाला दाद देत नाही. पण तशाच करड्या शिरांचा डोलोमाइटी संगमरवर त्याच नावाखाली शेजारी उभा असू शकतो. त्याचं काठिण्य जेमतेम साडेतीन ते चार. नुसतं बघून दोन्ही ओळखणं सरावलेल्या माणसालाही अवघड जातं.

त्यासाठी ही काच. दगडाच्या तुकड्याची धार काचेवर दाबून ओढायची. काचेचं काठिण्य साधारण साडेपाच. क्वार्ट्झाइट काचेवर नखाला लागेल असा ओरखडा पाडतो. संगमरवर नुसती पांढरी पूड सोडतो, आणि ती पुसली की काच जशीच्या तशी.

आता संगमरवरावर लिंबाचा थेंब. वीस मिनिटांनी पुसल्यावर पॉलिशमध्ये हा जो निस्तेज ठिपका राहिला आहे, त्याला लोक डाग म्हणतात. हा डाग नाही. इथे काही मुरलेलं नाही, उलट दगडाचा वरचा थर आम्लात विरघळून गेला आहे. म्हणून सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावलेल्या संगमरवरावरही तो उठतो. सीलर मुरणं थांबवतो, विरघळणं नाही. डोलोमाइटवर हाच ठिपका सावकाश उठतो, म्हणून थेंब लगेच पुसून निकाल लावू नये.

गडद काळ्या स्लॅबसाठी आणखी एक चाचणी. पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घेऊन पृष्ठभाग जोरात घासायचा. फडकं काळं झालं, तर तो रंग दगडाचा नाही, वरून चढवलेला आहे. असा दगड पुढे ठिकठिकाणी फिकट पडतो.

कारखान्यात तयार होणाऱ्या ‘क्वार्ट्झ’ नावाच्या स्लॅबबद्दल थोडक्यात. वजनानं ९० टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झ खनिजाची भुकटी आणि बाकी मुख्यतः राळ. सीलर लागत नाही, मात्र साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे राळ करपते आणि उन्हात रंग बदलतो. त्याच्या धुळीनं कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवायला, पुरवायला आणि बसवायला बंदी घातली.

[स्वयंपाकघर. रिकामी कपाटं. प्लायवूडच्या पट्ट्या.]

दगड ठरला तरी कापणी इतक्यात नाही. आधी कपाटं कायमची बसलेली हवीत, आणि त्यांची पातळी ३ मीटरच्या लांबीत ३ मिलिमीटरहून जास्त हललेली चालत नाही. एका कपाटाचा कोपरा उंच राहिला, की सगळा ओटा त्या एका टोकावर तोलला जातो. वाकवणारं वजन पुन्हा आलंच.

मग फर्मा. पातळ प्लायवूडच्या पाच-सहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या भिंतीला लावून, गरम गोंदानं जोडून ओट्याचा खरा आकार उतरवायचा. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे असं धरून केवळ टेपनं घेतलेली मापं हमखास फसतात. आता लेझरचं यंत्र हे काम लवकर करतं, पण लेझरलाही सांगावं लागतंच: सिंकचा मध्य कुठे, नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक कुठे, सांधा कुठे, शिरा कोणत्या दिशेला धावणार. फर्मा घेताना सिंक आणि नळ प्रत्यक्ष हातात हवेत. माहितीपत्रकातल्या मापांवर दगड कापू नये.

[ब्रिज सॉ, स्लॅब कापायची यांत्रिक करवत. ब्लेडवर पाण्याची धार.]

हिऱ्याच्या ब्लेडवर सोडलेलं हे पाणी ब्लेड थंड ठेवतं आणि धूळ जागीच दाबतं. कोरडी कापणी करणारा लवकर आटोपतो, पण त्यानं हवेत सोडलेली सिलिकेची धूळ शेजारी उभ्या असलेल्याच्याही फुप्फुसात जाते.

सरळ काप यंत्र घेतं. कारागिराची परीक्षा सिंकच्या भोकात असते. बघा, तो आधी ब्लेड लावत नाही. चारही कोपऱ्यांत गोल कोअर बिटनं भोकं पाडतो आणि मग त्या भोकांना स्पर्श करत सरळ काप घेतो. असं का? चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर गोळा होतो आणि तडा तिथूनच सुटतो. किमान १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असली की तोच ताण वळणावर पसरतो. गोल ब्लेड थेट कोपऱ्यापर्यंत नेलं, तर खालचा काप पूर्ण होण्याआधी ते वरच्या बाजूला कोपऱ्याच्या पुढे निसटतं आणि एक बारीक खाच मागे ठेवतं. ती खाच म्हणजे लिहून ठेवलेला तडा. पॉलिशमध्ये ती झाकली जाते, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी माळ्यावरचा डबा काढायला ओट्यावर चढतं.

सिंकच्या पुढे उरते ती ही अरुंद पट्टी, सात-आठ सेंटिमीटरची. अख्ख्या ओट्यातला सर्वांत अशक्त भाग. तिच्या खालच्या बाजूला खाच मारून सळई बसवतात आणि इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदानं भरतात. सळई फायबरग्लासची किंवा स्टेनलेसची हवी. साधं लोखंड ओलाव्यानं गंजून फुगतं आणि आधार द्यायला बसवलेलं तेच दगड फोडतं. ओटा बसल्यावर ही सळई दिसत नाही. म्हणून ती आहे का, हे आत्ताच खाली वाकून पाहून घ्यावं.

धारेचं पॉलिश, खरखरीत पॅडपासून बारीककडे: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००, पाण्याखाली एकामागून एक पॅड. घाईत एक टप्पा गाळला, की आधीच्या पॅडचे ओरखडे चकाकीखाली तसेच राहतात आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात उठून दिसतात. सिंक दगडाखालून लावायचं असेल, तर भोकाच्या आतल्या कडेलाही हाच सगळा क्रम.

[चौघे जण. उभा धरलेला ओटा.]

सिंकच्या भोकावर आडवी पट्टी बांधली आहे, ती वाटेत अरुंद भाग मोडू नये म्हणून. ६० सेंटिमीटर रुंद, ३ मीटर लांब ओट्याचं वजन सुमारे १४५ किलो. तोही उभाच आत येतो.

आधी कोरडा ठेवून पाहायचा. जिथे पोकळी राहते तिथे कपाटाच्या कडेवर पाचर घालायची. दगड दाबून खाली बसवायचा नाही. भिंतीपाशी ३ मिलिमीटर फट सोडायची, कारण घर हलतं, लाकूड फुगतं. फट भरायला उदासीन प्रकारचं सिलिकॉन घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं आणि संगमरवराची कड खातं.

सांधा दीड मिलिमीटरचा. दोन्ही तुकडे व्हॅक्यूमच्या पकडीनं जवळ ओढतात, पातळी बोटानं चाचपतात, दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरतात आणि घट्ट झाल्यावर जास्तीचं ब्लेडनं तासतात. सिंकच्या मधोमध सांधा घ्यायचा मोह होतो, तिथे जोडायची लांबी कमी असते ना! पण तिथेच रोजचं पाणी आणि तिथेच आधार नाही. डिशवॉशरच्या वरही सांधा नको, तिथेही खाली पोकळी असते.

कपाटांच्या पुढे आधाराशिवाय काढलेल्या भागाचा हिशोब छोटा आहे. २ सेंटिमीटर जाडीला १५ सेंटिमीटर, ३ सेंटिमीटरला २५ सेंटिमीटर, आणि एकूण रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. त्यापुढे लोखंडी ब्रॅकेट.

[ओट्यावर पाण्याचे थेंब.]

पंधरा मिनिटं थांबायचं. थेंबाखाली दगड गडद झाला, तर सीलर हवा. नाही झाला, तर डबा उघडायची गरज नाही. घट्ट काळ्या दगडात सीलर मुरतच नाही, वर वाळून धुरकट थर होतो. लावायचाच असेल तर पातळ लावावा, डब्यावर दिलेली मिनिटं मोजावीत आणि वाळण्याआधी कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्यावा. रोजच्या पुसण्याला सौम्य साबण आणि पाणी पुरतं. व्हिनेगर, ब्लीच, घासण्याची पूड यांतलं काही लागत नाही.

तेलाचा डाग आत उतरला, तर खाण्याचा सोडा आणि अॅसिटोनचा घट्ट लेप करावा, खिडकी उघडी ठेवून, शेगडी विझवून. चहा-कॉफीच्या डागाला अॅसिटोनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड, पण गडद दगडावर ते रंग उडवू शकतं, म्हणून आधी कोपऱ्यात करून पाहावं. लेपाची जाडी पाच-सहा मिलिमीटर. वर प्लास्टिक चिकटवायचं, चोवीस तासांनी काढायचं आणि मग लेप पूर्ण सुकू द्यायचा. डाग ओढला जातो तो सुकतानाच. लाकडी पट्टीनं खरवडून बघावं. फिका झाला पण गेला नाही, तर ताजा लेप पुन्हा.